गार आहे ना?

परवा माझी भाची बंगळुरूहून आली होती. जेवताना पापड मोडत मोडत तिनं सहज सांगून टाकलं, "आत्या, मी एग्ज फ्रीझ करून ठेवलेत. आता लग्नाची घाई नाही." वहिनीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. मला काही धक्काबिक्का बसला नाही. माझी अर्धी नोकरी त्याच कामाच्या दवाखान्यात गेली. मी एवढंच विचारलं, "तिथली टाकी कोण भरतं?"

ती हसली. म्हणाली, "काय माहीत. असेल कुणीतरी. तू पण ना आत्या, काहीही विचारतेस."

असेल कुणीतरी म्हणे. आमच्याकडच्या त्या कुणीतरीचं नाव अण्णा दाभाडे होतं. ते नाव आठवलं आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं.

इंदूरला पलासियाच्या मागच्या गल्लीत आमच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना होता, मूल होत नसलेल्यांचा. मी काउंटरवर बसायची. म्हणजे पावत्या फाडायच्या, फोन घ्यायचे आणि रडणाऱ्या बायकांना पाणी द्यायचं. अण्णा तिथं आले तेव्हा त्यांची कापडमिल बंद पडून बराच काळ झाला होता. त्या काळात परदेशीपुऱ्यातल्या, म्हणजे मिलवाल्यांच्या वस्तीतल्या, घराघरांत अशी माणसं होती. कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी रात्रीची चौकीदारी धरली, कुणी नुसतेच ओट्यावर बसून राहिले. अण्णा विव्हिंग खात्यात जॉबर होते, म्हणजे मागांची एक अख्खी लाइन त्यांच्या हाताखाली असायची. डॉक्टरबाईंचा जनरेटर एकदा कुणालाच सुरू होईना, तो अण्णांनी सुरू केला. बाईंनी विचारलं, "अण्णा, रोज याल का?" ते आले ते राहिलेच.

उंच माणूस, जरा पोक काढलेला. मिलचा तोच खाकी हाफशर्ट, धुऊन धुऊन पांढरट झालेला. आवाज मात्र असा, की दवाखान्यात कुजबूज असायची तिथं अण्णा बोलले की सगळ्या माना वळायच्या. "शैलाताई, वो बाईंची सोनोग्राफी हो गई क्या?" असं खणखणीत. मी कपाळाला हात लावायची. "अहो अण्णा, हळू. हे परदेशीपुऱ्याचं मार्केट नाही." त्यावर ते म्हणायचे, "हळूच तर बोललो." जन्मभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना कळतच नसे.

पण कान गेले तरी माणूस बहिरा नव्हता. मागांच्या खात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथं सगळे ओठांवरूनच बोलतात. अण्णांना हॉलच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाचं बोलणं या टोकाला कळायचं. काचेपलीकडचंसुद्धा. एकदा एक सासू सुनेला कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगत होती, तोंडावर हसू ठेवून. आम्हाला वाटलं, धीर देते आहे. अण्णा पाण्याचे ग्लास घेऊन गेले, सुनेला पाणी दिलं आणि सासूला म्हणाले, "माँजी, दुसरी बहू आणायचं नंतर बघा, आधी मुलाचा रिपोर्ट येऊ द्या." मी तोंडाला पदर लावून आत पळाले. डॉक्टरबाईंनी नंतर त्यांना रागावायला बोलावलं खरं, पण त्यांनाच हसू फुटलं.

आणखी एक सवय. कुठल्याही यंत्राजवळ गेले की ते उलटा हात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. जनरेटरला, कूलरला, माझ्या काउंटरवरच्या पंख्याला. "हात सांगतो," म्हणायचे. "कानांचं काम हातांनी उचललंय."

त्यांच्या ओळखीच्या कुणाला मी एकदा चुकून म्हटलं, की यांची मिल गेली. अण्णांनी माझे ओठ वाचले होते. लगेच आले. "गेली नाही, शैलाताई. बंद आहे." कधी माझ्या स्कूटरवर मागे बसून परदेशीपुऱ्याकडे जायची वेळ आली, तर मिलच्या फाटकाशी मला थांबायला लावत. फाटकाला साखळी, आत गवत, चिमणीवर पिंपळ. मी म्हणायची, "अण्णा, आता कसलं काय. सरकारच हात झटकतंय. इथं दुकानं होणार, मोठमोठी." ते फाटकाला उलटा हात लावून परत यायचे. "बंद आहे. गेलेली नाही." अनंत चतुर्दशीला त्यांच्या मिलची झाँकी, म्हणजे गाडीवरचा हलता देखावा, मात्र बंद मिलमधूनही निघायची. ही कामगार माणसं चंदा गोळा करून बनवायची, आणि हनुमानाचा हात वर-खाली करायचं यंत्र अण्णांचं असायचं. रस्त्यावर अख्खं इंदूर उभं असायचं आणि अण्णा झाँकीच्या पोटात बसलेले, कुणाला न दिसता.

दवाखान्यात त्यांच्याकडे टाकी होती. दुधाच्या मोठ्या कॅनसारखी, अ‍ॅल्युमिनियमची, अरुंद गळ्याची. तिच्यात नायट्रोजन असतो, पातळ, इतका गार की बोट बुडालं तर बोट जाईल. त्यात बारीक नळ्यांमधून गोठवलेली बीजं ठेवायची. तो नायट्रोजन आपोआप उडत राहतो, म्हणून वरचेवर भरावा लागतो. अण्णा लाकडी पट्टी आत घालून बाहेर काढायचे. जिथवर पांढरं हिम धरेल तिथवर टाकी भरलेली. बाटलीतलं दूध बघावं तसं बघायचे आणि काउंटरवर येऊन सांगायचे, "दाणे बरे आहेत." आम्ही सगळे एग्ज म्हणायचो. अण्णा दाणे म्हणत.

त्यांची एकच मुलगी, विभा. आई लहानपणीच गेलेली. छत्रीबागेतल्या शाळेत गणित शिकवायची. चटपटीत, अण्णांच्या वरताण बोलणारी. तिच्या मानेत गाठ निघाली, आणि ती साधी गाठ नव्हती. उपचार ताबडतोब हवे होते. डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी वाचेल, पण औषधं इतकी कडक आहेत की पुढं मूल होईलसं वाटत नाही.

आमच्या डॉक्टरबाईंनी अण्णांना आणि विभाला आत बसवलं. मीही होते, पाणी द्यायला. बाई म्हणाल्या, "उपचार सुरू व्हायच्या आधी तिची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतील. नवीन काम आहे, अण्णा. यातून माझ्या हातून अजून एकही मूल झालेलं नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही. पण ठेवू शकते."

बिनलग्नाच्या मुलीची ही गोष्ट, बापासमोर, त्या काळात. विभा खाली बघत होती. अण्णा भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून बाईंच्या ओठांवर नजर लावली.

"म्हणजे बंद राहतील?"

"बंद राहतील."

"मरणार नाहीत?"

"टाकी गार राहिली तर नाही."

झालं. त्या एका वाक्यावर तो माणूस पुढची सगळी वर्षं जगला. मिल त्यांच्या हातात नव्हती, पण ही टाकी होती.

विभाचे केस गेले, भुवया गेल्या, ती काटकीसारखी झाली. अण्णा सकाळी तिला पेज पाजून सायकलवर यायचे आणि चप्पल काढायच्या आधी टाकीला हात लावून यायचे. विभा हॉस्पिटलमधून काउंटरवर फोन करायची. अण्णांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून मीच मध्ये. "शैलाताई, अण्णांना विचारा, माझी मिल कशी आहे?" मी अण्णांना ओठांनी विचारायची. ते तिथूनच ओरडायचे, "बंद आहे, गेलेली नाही." विभाला ते फोनमधून थेट ऐकू जायचं. हसायची. त्या दिवसांत ती आणखी कशाला हसत असेलसं मला वाटत नाही.

ती बरी झाली. डोक्यावर नवे केस आले, कुरळे. शाळेत पुन्हा रुजू झाली, आणि तिथल्याच श्रीकांत नावाच्या विज्ञानाच्या सरांनी तिला मागणी घातली. विभानं त्याला आधी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टाकीत आहेत ना? मग बघू पुढं. नसते तरी विचारलंच असतं." असा मुलगा. अण्णांनी त्याला पहिल्या भेटीत टाकी दाखवायला नेलं. दुसरे सासरे घर दाखवतात.

तोवर शहर बदलायला लागलं होतं. ए. बी. रोडवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मोटारींची शोरूम्स आली, आणि डॉक्टरबाईंनी परदेशातून मोठी टाकी आणली. चकचकीत. आतलं कमी झालं की शिट्टी वाजणारी. सगळ्यांच्या नळ्या तिच्यात हलवल्या. विभाच्या हलवायच्या वेळी अण्णा आडवे आले.

"मॅडम, मला ती शिट्टी ऐकू येत नाही. ती रात्रभर ओरडत राहिली तरी मला काय कळणार? विभाच्या जुनीतच राहू द्या. ही माझ्या हाताला कळते."

बाईंनी खूप समजावलं. ती जुनी झाली आहे, म्हणाल्या. अण्णांनी हात जोडले. बाप म्हणतोय तर राहू दे, असं बाईंना वाटलं असेल. जुनी टाकी कोपऱ्यात राहिली, फक्त विभाच्या नळ्या घेऊन.

आता ती नवमी. मिलमध्ये खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून पुजायची, आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, हा तिथला कडक नेम. पूजेला बसलेल्या यंत्राला कुणी हलवलं तर ते पुढं हात मागतं, असं ती माणसं मानायची. अण्णांच्या शेजारच्या मागावरच्या एका पोरानं पैज मारून पुजलेला माग चालवला होता, आणि वर्षाच्या आत त्याची बोटं गेली. अण्णांनी ती बोटं स्वतः उचलली होती. त्यांना कोण काय समजावणार? दवाखान्यातही ते दरवर्षी नवमीला टाकीची पूजा करायचे. आदल्या दिवशी काठोकाठ भरायचे, झेंडूची माळ घालायचे, नारळ फोडायचे आणि मग दसरा होईपर्यंत पट्टी आत जायची नाही. बाई हसून सोडून द्यायच्या, कारण चांगली टाकी तेवढं सहज सोसते. दरवर्षी सोसलं होतं.

त्या वर्षी विभाचं लग्न होऊन सहा-आठ महिने झाले असतील. बाईंनी तिला तपासून सांगितलं होतं, "दिवाळीनंतर या. सुरू करू." अण्णांनी त्या नवमीला टाकीला दोन माळा घातल्या. मी निघताना त्यांनी मला बोलावून दाखवलं. टाकीच्या गळ्याखाली पाण्याचे थेंब जमले होते, बाहेरून. "बघा, शैलाताई," म्हणाले, "घाम आलाय. प्रसन्न आहे." मला त्यातलं काय कळतं? मी नमस्कार केला आणि घरी गेले. दवाखान्याला दसऱ्याची सुट्टी होती.

दसऱ्यानंतरच्या सकाळी अण्णा माझ्या आधी आलेले. नवा शर्ट, हातात सोनं. काउंटरवर माझ्यासाठी पानं ठेवली, पाया पडू देईनात. डॉक्टरबाई लॅबमध्ये गेल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि काचेचं दार लावून घेतलं.

"शैला, जुन्या टाकीत काही नाही. कोरडी ठाक आहे. विभाचं सगळं गेलं."

मी काही बोलणार, तेवढ्यात बाईंची नजर माझ्या मागं गेली. मी वळले. काचेपलीकडे अण्णा उभे होते, बाईंना द्यायचं सोनं हातात धरून. ते चोरून बघत नव्हते. ओठ बघायची त्यांना आयुष्यभराची सवय होती, एवढंच.

ते आत आले. मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. आमच्या खात्यात कोरडी हवा वाईट, म्हणाले. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. भिंतींना घाम आला की जॉबर खूश, काम नीट चालणार. "मी घाम बघितला, मॅडम. मला वाटलं, बरी आहे."

टाकीला बाहेरून घाम येणं म्हणजे तिच्या दोन भिंतींमधली पोकळी गेली, गारवा बाहेर गळतोय. हे बाईंनी सांगितलं तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं.

"नवमीला हात लावला असता, पुन्हा भरली असती, तर राहिली असती?"

अण्णा बाईंच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ हलले नाहीत.

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू? त्या माळांचा, त्या नारळाचा, त्या बोटं तुटलेल्या पोराचाही राग आला. बाईंनी तेव्हाच हट्टानं नळ्या का हलवल्या नाहीत, म्हणून त्यांचाही आला. आणि मग अण्णांच्या हातातली ती पानं दिसली, अजून कुणीच न घेतलेली. मी ती घेतली.

विभाला बाईंनीच सांगितलं. अण्णा दाराशी उभे होते, खाली मान घालून, कुणाचेच ओठ दिसू नयेत असे. विभा रडली नाही. तिनं श्रीकांतचा हात धरला. मग मला म्हणाली, "शैलाताई, अण्णांनी सकाळपासून चहा घेतला का?" घेतला नव्हता.

अण्णा त्यानंतर कामावर आले नाहीत. एकदाच आले, टाकी मागायला. भंगारात जाणार होती ती बाईंनी देऊन टाकली. त्यांनी ती सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधली आणि हातानं सायकल ढकलत परदेशीपुऱ्याकडे नेली. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून बघत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

वर्षं गेली. विभाला मूल झालं नाही. वाचलीस तेच खूप, असं लोक तिला म्हणायचे, आणि ती त्यांना "हो" म्हणायची. अण्णांचं मन हळूहळू विस्कटायला लागलं तेव्हा विभा-श्रीकांत त्यांना शहराबाहेर राऊला आपल्या घरी घेऊन गेले. मी दसऱ्याच्या आसपास एक चक्कर मारायची.

शेवटची गेले तेव्हा नवमीच होती. विभानं घरातलं सगळं पुजलं होतं. शिवणयंत्र, स्कूटर, श्रीकांतचा कॉम्प्युटर, सगळ्यांना एकेक फूल. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते, खांद्यावर शाल, आणि गुडघ्याला टेकून ती टाकी. तिला फूल नव्हतं.

"लावू देत नाहीत," विभा म्हणाली. तिचे केस आता पांढरे व्हायला लागले होते. "दिवसभर तिच्यावर हात. आणि सारखं विचारतात, गार आहे ना? मी म्हणते, आहे."

अण्णांनी मला ओळखलं. विभाला ते आता ओळखत नव्हते. घरात काम करणाऱ्या कुणी बाई आहेत, असं समजत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "शैलाताई, तुम्ही दवाखान्यातल्या. तुम्ही बघून सांगा. या बाई माझं मन राखायला बोलतात. माझ्या हाताला आता कळत नाही. गार आहे ना?"

मी टाकीला उलटा हात लावला. दुपारपासून खिडकीतलं ऊन तिच्यावर होतं. चटका बसला. अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते, डोळे बारीक करून. त्या माणसाला आयुष्यात कुणाचे ओठ फसवू शकले नव्हते. मी हात काढला नाही.

"गार आहे, अण्णा," मी म्हटलं. "अगदी गार."

त्यांनी श्वास सोडला. खुर्चीत मागं टेकले.

"मग आमच्या विभाला निरोप द्या," म्हणाले. "दिवाळीनंतर या म्हणावं."

विभा पुढं झाली. त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिनं नीट केली, त्यांच्या समोर वाकली आणि आपले ओठ त्यांना दिसतील असे सावकाश हलवत म्हणाली, "सांगते तिला."